मुक्या पाषाणाचें वय : वॉल्टर स्पिंक

मुंबई बंदरांतून निघालेली लाँच तासाभरांत घारापुरीच्या धक्क्यास लागते. रायगड जिल्ह्यांतील या बेटावर डोंगराच्या पोटांत कोरलेली भव्य सदाशिवमूर्ति पाहतांच प्रश्न उभा राहतो : हें कोणीं घडविलें, आणि केव्हां? येथील एक शिलालेख पोर्तुगीजांनीं काढून आपल्या राजाकडे पाठविला. पुढें त्याचा ठावठिकाणा लागला नाहीं.

लेख हरपला, तर मुक्या पाषाणाकडून त्याचें वय वदवून घ्यावें कसें? अमेरिकन कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनीं या एका प्रश्नास सारें आयुष्य वाहिलें. १९२८ सालीं मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथें त्यांचा जन्म झाला. हार्वर्ड येथें डॉक्टरेट मिळविल्यावर १९६१ पासून २००० पर्यंत त्यांनीं मिशिगन विद्यापीठांत अध्यापन केलें. त्यांची खरी पाठशाळा मात्र अजिंठ्याची.

तेथें ते वर्षानुवर्षें येत राहिले. चित्रांच्या सौंदर्याइतकेंच लक्ष त्यांनीं भिक्षूंच्या कोठड्यांकडे दिलें. दार फिरण्यासाठीं खोदलेल्या खळग्यांची रीत कशी बदलली, कोणती भिंत अर्धवट राहिली, कोणती मूर्ति घाईनें उरकली, हें पाहून त्यांनीं कामाचा क्रम लावला. अजिंठ्याचा दुसरा बहर शतकानुशतकें चालला नाहीं. वाकाटक नृपति हरिषेणाच्या काळांतील अवघ्या वीसेक वर्षांत तो फुलला आणि इ. स. ४७७ च्या सुमारास राजा निवर्ततांच कोमेजला, हा त्यांचा सिद्धान्त.

राजाश्रय गेला तरी हातांतील कला जात नाहीं. तीच परंपरा कोंकणांत उतरून जोगेश्वरीमार्गें घारापुरीस पोंचली, असें स्पिंक मानीत. सहाव्या शतकाच्या मध्यास झालेला शिवभक्त कलचुरि राजा कृष्णराज हा त्यांच्या मतें या लेण्याचा आश्रयदाता. त्याचीं तांब्याचीं नाणीं बेटावर सांपडलीं आहेत. पाथरवटांच्या मजुरीचीं तीं असावींत, असाही तर्क आहे.

हीं मतें सर्वमान्य नाहींत. अजिंठ्याचा काळ इतका आंखूड करणें अनेकांस पटलें नाहीं. घारापुरीचें श्रेय कोणी कोंकणच्या मौर्यांस, तर कोणी राष्ट्रकूटांस देतात. तथापि २०१९ सालीं निवर्तलेल्या या अभ्यासकाची दृष्टि मागें राहिली आहे. पूर्ण मूर्ति कारागिराचें कौशल्य सांगते. अपुरी राहिलेली भिंत त्याचा काळ सांगते. घारापुरीस जाणारानें सदाशिवापुढें हात जोडल्यावर कोपऱ्यांतील छिन्नीच्या खुणांकडेही क्षणभर पाहावें.