शक्य, कल्पनीय आणि संभाव्य : ख्रिस्ती ईश्वरवादातील एका वादाच्या निमित्ताने

‘शशशृंग’ आणि ‘वंध्यापुत्र’ ही उदाहरणे आपल्याकडे असत् वस्तूची म्हणून एका दमात सांगितली जातात. वस्तुतः त्यांत मोठा भेद आहे. सशाला शिंग नसते, परंतु ते असण्यात आत्मव्याघात नाही; चित्रकार ते सहज काढून दाखवील. वंध्येला पुत्र आहे असे म्हणताच मात्र एक शब्द दुसऱ्याला खोडून काढतो. शशशृंग केवळ अवास्तव आहे. वंध्यापुत्र तार्किकदृष्ट्या अशक्य. ख्रिस्ती श्रद्धेविषयीचा विसाव्या शतकातील एक महत्त्वाचा वाद याच भेदावर उभा आहे.

ईश्वर सर्वशक्तिमान आहे, तो सर्वथा मंगल आहे आणि तरीही जगात दुरित आहे, ही तीन विधाने एकत्र सत्य असू शकत नाहीत, असे जे. एल. मॅकी यांनी १९५५ साली ‘माइंड’ या नियतकालिकात प्रतिपादले. मंगल सत्ता दुरिताचे शक्य तितके निवारण करते आणि सर्वशक्तिमानाच्या सामर्थ्याला सीमा नसते, ही गृहीतके जोडली की व्याघात उघड होतो. म्हणजे दुरितमय जगाचा असा ईश्वर हा शशशृंग नव्हे, वंध्यापुत्रच होय.

आरोपाचे हे स्वरूप ध्यानात घेतले तरच ॲल्विन प्लँटिंगा यांचे १९७४ मधील उत्तर नीट कळते. माणसाची निवड ईश्वरानेच घडवली, तर ती स्वतंत्र उरत नाही. तेव्हा ईश्वराने कोणतेही जग निर्मिले तरी त्यातील स्वतंत्र जीव कोठेतरी चुकलेच असते, असे असणे शक्य आहे. नैसर्गिक दुरितासाठी तर ते सैतान व त्याच्या अनुचरांच्या स्वतंत्र कृतींची शक्यता पुढे करतात. वाचकाला येथे हसू येते. पण ते अप्रस्तुत आहे. व्याघाताचा आरोप फेटाळणाऱ्याला आपले कथन सत्य वा संभाव्य असल्याचे दाखवावे लागत नाही. ते व्याघातमुक्त असले की पुरे. ॲरिस्टॉटलने कवीला सांगितले त्याच्या हे नेमके उलट आहे : कवीने अशक्य पण संभाव्य ते पत्करावे, प्लँटिंगांना असंभाव्य पण शक्य तेही चालते. दुरितामुळे ईश्वरवादाची मुख्य तत्त्वे परस्परविसंगत ठरत नाहीत, हे मॅकी यांनीही १९८२ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, सावधपणे का होईना, मान्य केले.

मात्र हा विजय मर्यादित आहे. विल्यम रो यांनी १९७९ मध्ये वणव्यात होरपळून कित्येक दिवस तडफडणाऱ्या हरणाच्या पाडसाचे उदाहरण घेतले आणि प्रश्न शक्यतेकडून संभाव्यतेकडे वळवला. तेथे सैतानाची नुसती शक्यता कामाची नाही.

कल्पनीयतेची गोष्ट आणखी निराळी. परमश्रेष्ठ सत्ता शक्य असेल तर ती अनिवार्यपणे आहेच, असाही युक्तिवाद प्लँटिंगांनी १९७४ मध्येच मांडला. परंतु ती शक्य कशावरून? कल्पिता येते म्हणून, हे उत्तर पुरत नाही. आर्नो यांनी १६४१ मध्येच देकार्तला सुनावले होते की, काटकोन त्रिकोण स्पष्टपणे कल्पिणारा मनुष्य त्याच्या भुजांविषयीचा पायथागोरसचा सिद्धांत नाकारू शकतो. म्हणून काही तो सिद्धांत खोटा असणे शक्य होत नाही. शिवाय अशी सत्ता नसलेले जगही तितकेच कल्पनीय आहे, आणि तेही शक्य मानले तर हाच युक्तिवाद उलटतो. आपल्या युक्तिवादाने ईश्वराचे अस्तित्व सिद्ध होते, असे खुद्द प्लँटिंगाही म्हणत नाहीत. ते मानणे विवेकाला सोडून नाही, एवढाच त्यांचा दावा आहे.