उपाहारगृहाचा डोसा आणि घरची आमटी

खानावळीच्या दारावर ‘घरगुती जेवण मिळेल’ अशी पाटी असते, आणि घरच्या स्वयंपाकघरांत ‘हॉटेलांतल्यासारखा डोसा कर’ असा मुलांचा हट्ट चाललेला असतो. घराबाहेर घर शोधावें आणि घरांत हॉटेल, हा विपर्यास मोठा मौजेचा आहे. कित्येक वडीलधाऱ्यांस त्याचा रागहि येतो. आम्हांस येत नाहीं. दुसऱ्याच्या पानांतील रुचकर पदार्थ आपल्या चुलीवर करूं पाहणें ही मनुष्याची फार जुनी खोड आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचिलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत अन्नभोगाचें सविस्तर प्रकरण आहे. त्यांत ‘इडरिका’ नांवाचा पदार्थ येतो, पण ती केवळ उडदाची. तांदळाचा तींत स्पर्श नाहीं. आज आपल्या ताटांत येणारी इडली ही त्या इडरिकेची पणती असेल, तर मधल्या काळांत ती किती घरें आणि किती चुली हिंडली असेल!

उपाहारगृहांचा इतिहास आपल्या समाजांत फार जुना नाहीं. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठितांनीं चहा घेतला म्हणून केवढें ग्रामण्य माजलें, हें वाचकांस ठाऊक आहेच. त्यानंतर वीसच वर्षांनीं, १९१० सालीं, दादरास मामा काणे यांचें उपाहारगृह निघालें आणि तेथील बटाटेवडा सोंवळ्यांतील मंडळींच्याहि मुखीं गेला. माटुंग्यास १९४२ मध्यें रामा नायक यांचें उडुपी पद्धतीचें भोजनगृह सुरू झालें. बंगळूरच्या मावळी टिफिन रूम्सची हकीकत तर अधिक बोधप्रद आहे. दुसऱ्या महायुद्धांत तांदळाची टंचाई पडली तेव्हां त्यांनीं रव्याची इडली काढली, असें ती संस्था स्वतःच सांगते. अडचणीपोटीं हॉटेलांत जन्मलेला हा पदार्थ आज तांदूळ भरपूर असतांनाहि घरोघरीं रविवारीं सकाळीं होतो. तात्पर्य, देवघेव दोन्ही बाजूंनीं आहे. प्रश्न इतकाच कीं, तीच डाळ, तेच तांदूळ घेऊनहि घरचा डोसा हॉटेलासारखा कां होत नाहीं?

आमच्या मतें येथें गुप्त मसाल्यापेक्षां उष्णता आणि वाटण यांचाच भाग मोठा आहे. हॉटेलांतील उडीद दगडी रगड्यांत सावकाश वाटले जातात. त्यांत हवा कोंडली जाते आणि पीठ लोण्यासारखें फुलतें. घरचें मिक्सरचें पातें वेगानें फिरतें, भांडें तापतें, पीठहि तापतें. म्हणून मिक्सर वापरणारांनीं बर्फासारखें गार पाणी घालावें आणि थांबत थांबत वाटावें. प्रमाण तीन वाट्या उकडा तांदूळ, एक वाटी उडदाची डाळ आणि अर्धा चमचा मेथी. तांदूळ आणि डाळ निरनिराळीं भिजवून निरनिराळींच वाटावींत. डाळ गुळगुळीत, तांदूळ किंचित् रवाळ. पीठ आंबविणारे ल्यूकोनोस्टॉक जातीचे सूक्ष्म जीवाणु डाळतांदळावर मुळांतच असतात. ते वायु सोडतात म्हणून पीठ वर येतें. त्यांस ऊब पाहिजे. मुंबईस वैशाखांत आठ तास पुरतात, पुण्यास पौषांत सोळाहि लागतात. घड्याळ पाहून पीठ उचलणाऱ्या गृहिणीपेक्षां पीठ पाहून घड्याळ विसरणारी गृहिणी नेहमींच यशस्वी होते.

हॉटेलांतील डोशाला जो तांबूस रंग चढतो, तो मूठभर हरभऱ्याची डाळ आणि मूठभर पोहे वाटणांत घातल्यानें घरींहि येतो. आयत्या वेळीं चिमूटभर साखर घालावी. पण खरी मेख तव्यांत आहे. त्यांचा तवा अर्धा बोट जाडीचा लोखंडी असतो व दिवसभर तापलेला असतो. थंड पीठ पडलें तरी तो निवत नाहीं. आपला पातळ तवा आधीं डोसा चिकटवितो आणि मग जाळतो. जाड बिडाचा तवा घ्यावा. तो चांगला तापला कीं पाण्याचा शिपका मारून क्षणभर निववावा, अर्धा कांदा तेलांत बुडवून त्यावर फिरवावा आणि पीठ मध्यावर घालून पळीनें बाहेर फिरवीत न्यावें. फार तापलेल्या तव्यावर पीठ पळीबरोबर उचलून येतें, पसरत नाहीं. शिपक्याचें प्रयोजन तें हेंच. चटणींत हॉटेलवाले खोबऱ्याबरोबर पंढरपुरी डाळें घालितात, त्यामुळें ती दाट राहते. यांत काटकसरहि आहे, आणि तिला आम्ही नांवें ठेवीत नाहीं.

बटाटेवड्याविषयीं थोडक्यांतच लिहितों. बटाटे जुने घ्यावे, नव्यांना चिकटा फार. उकडून पूर्ण निवाले म्हणजे हातानें फोडावे, लगदा करूं नये. डाळीच्या पिठांत कडकडीत तेलाचें मोहन घालावें, सोडा नांवापुरता. जास्त झाला तर वडा तेल पितो. मोठ्या कढईंतील तेल दहा वडे पडले तरी निवत नाहीं, घरच्या कढईंत तीनच सोडावे. लसणाविषयीं ज्याच्या त्याच्या घरचा चातुर्मास त्यानें पाळावा. एका बाबतींत मात्र हॉटेलाची नक्कल मुळींच करूं नये, ती म्हणजे तेच तेल पुनःपुन्हा तापविणें. अशा तेलांतील ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले तर तें वापरूं नये, असा केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून आहे. घरीं तो मोजण्याचें साधन नाहीं. तेल काळवंडलें, फेंसाळलें कीं टाकून द्यावें.

येथपर्यंतचें सर्व सोपें. हॉटेलाची चव आज साधली नाहीं तर उद्यां साधेल. न साधली तर चार पैसे टाकून तेथें जाऊन खातां येईल. घरच्या चवीचें तसें नाहीं. ती एका माणसाच्या हातांत असते, आणि तो हात थांबला म्हणजे ती कोणत्याहि पेठेंत विकत मिळत नाहीं.

आमच्या कुटुंबांत गोड्या मसाल्याची आमटी हा अभिमानाचा विषय आहे. ती आमच्या मातोश्रींची, आणि त्यांच्या सासूबाईंची, अशी घरांत सर्वांची समजूत. गेलीं साठ वर्षें तो मसाला आमच्या थोरल्या वहिनी करीत आल्या. आतां त्यांचें वय ऐंशीच्या पुढें आहे. गेल्या तीन वर्षांत त्यांची स्मृति क्षीण होऊं लागली आहे. नातवंडांचीं नांवें अदलाबदल होतात. सकाळीं जेवण झालें कीं नाहीं हें त्या दुपारीं विचारतात. अशा वेळीं आमच्या धाकट्या सुनेनें वही घेऊन त्यांच्यापाशीं बसावें आणि मसाल्याचें प्रमाण विचारावें, हें स्वाभाविकच होतें. उत्तरहि स्वाभाविकच मिळालें: “प्रमाण कसलें गं? अंदाजानं घालायचं.”

हा ‘अंदाज’ म्हणजे अज्ञान नव्हे, हें आमच्या शिक्षित मंडळींनीं ध्यानांत घ्यावें. जुन्या माणसांचीं मापें निराळीं होतीं. दोन चिपट्यांचें एक मापटें, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. देशांत दशमान मापें १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें आलीं आणि तीं भांडीं माळ्यावर गेलीं; मूठ मात्र हाताबरोबर राहिली. ग्रंथांचा आधार घ्यावा तर रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ चें, लक्ष्मीबाई धुरंधरांचें ‘गृहिणीमित्र’ १९१० चें. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरे’नें १९७० मध्यें वाटीचमच्याचें माप घरोघर नेलें, हे तिचे मोठे उपकार होत. पण ग्रंथांतून मिळतो तो गोडा मसाला. अमक्या घरचा गोडा मसाला कोणत्याहि ग्रंथांत नसतो.

सुनेनें युक्ति केली ती अशी. पदार्थ मोजण्याऐवजीं तिनें डबे मोजले. प्रत्येक डबा आधीं डिजिटल काट्यावर ठेवून वजन टिपलें आणि डबे वहिनींच्या पुढ्यांत मांडले. त्यांनीं नेहमींप्रमाणें मुठीनें, चिमटीनें काढून घ्यावें. मग डब्याचें पुन्हा वजन करावें. जेवढें घटलें तेवढें मसाल्यांत गेलें. वहिनींना काट्याचा उपद्रव नाहीं, कीं कोणी परीक्षा घेत आहे असा संकोचहि नाहीं. दोन वर्षांत असें चार वेळां केलें. ज्या हाताला वार आठवत नव्हता, त्या हातानें चारी वेळां धने काढले ते अर्ध्या किलोच्या आसपास, आणि चार वजनांतील फरक वीस ग्रॅमच्या आंत!

ज्यांस करून पाहावयाचें असेल त्यांच्यासाठीं तें प्रमाण येथें देतों. धने ५०० ग्रॅम, सुकें खोबरें २५०, तीळ १२५, जिरें १००, सुक्या मिरच्या ५०, दगडफूल १५, हळद १५; लवंग, दालचिनी, मिरीं, शहाजिरें, तमालपत्र, बदामफूल, मसाल्याचे वेलदोडे आणि हिंग प्रत्येकीं १०. खोबरें व तीळ कोरडे भाजावे, बाकीचें थोड्या तेलावर, प्रत्येक जिन्नस वेगळा. दगडफूल हें फूल नव्हे; तें दगडावर वा झाडाच्या सालीवर वाढणारें शैवाल आणि बुरशी यांचें संयुक्त कुटुंब आहे. त्यांत माती असते म्हणून निवडून घ्यावें, आणि तें तेलांत फुललें कीं लगेच काढावें; एका क्षणाचा उशीर झाला तर सगळा मसाला कडवट होतो. धन्यांना मात्र घाई चालत नाहीं. ते मंद आंचेवर, रंग बदलेपर्यंत.

ही पंधरा जिनसांची यादी वहिनींनीं तोंडानें सांगितलेली. परंतु पहिल्याच खेपेस सुनेच्या काट्यावर सोळावा डबा हलका झाला. लवंगेसारख्या देंठाच्या बारीक कळ्या, नागकेशर, आठ ग्रॅम. यादींत तें नव्हतें. दुसऱ्या खेपेसहि तेंच. विचारलें तर वहिनी म्हणत, “छे, मी कुठं नागकेशर घातलं?” तिसऱ्या खेपेस सुनेनें त्यांचा हात हलकेच धरला आणि म्हणाली, “काकू, हे बघा, तुमच्या मुठींत आहे.” वहिनी मुठीकडे पाहत राहिल्या आणि मग लहान मुलीसारख्या हसल्या.

नागकेशर त्यांच्या माहेरचें. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच वर्षीं त्यांना सासरची आमटी ‘उघडी’ लागली. आईनें पाठवणीच्या वेळीं पुडींत बांधून दिलेलें नागकेशर त्यांनीं कुणाला न सांगतां मसाल्यांत टाकलें. सुनेनें माहेरचें वळण सासरच्या चुलीवर आणणें हें त्या काळीं धाडसच होतें. “आणि सासूबाईंना कळलं नाहीं?” सुनेनें विचारलें. “कळलं असेल. बोलल्या नाहींत. पण पुढच्या वर्षीं वाण्याच्या यादींत नागकेशर त्यांनींच लिहिलं होतं. मीं तें नांव या घरांत कधीं काढलं नाहीं.” इतकें बोलून त्या पुन्हा धने चाळूं लागल्या.

ज्या आमटीला आम्ही सर्व भावंडें ‘आईच्या हातची’ म्हणून वाखाणीत आलों, तींत एका परक्या गांवच्या आजीचा वांटा होता, हें कळल्यावर आमचे एक पुतणे किंचित् हिरमुसले. आम्हांस तसें वाटलें नाहीं. एकत्र कुटुंबांतील स्वयंपाकाच्या वह्या उघडून पाहाव्या; त्यांत सासरचे पदार्थ नांवानिशीं असतात, सुनांच्या माहेरचे नसतात, आणि असले तर असे नागकेशरासारखे निनांवीं असतात. वहींत त्या पदार्थाचें नांव काय घालावें यावर घरांत दोन दिवस चर्चा झाली. शेवटीं सुनेनें वहिनींच्या माहेरच्या गांवाचें नांव मथळ्यांत घातलें आणि खालीं आमच्या मातोश्रींचें. वहिनींस तें वाचून दाखविलें, तेव्हां त्यांनीं एवढेंच विचारलें, “हिंग लिहिलास ना?”

आमटीचें म्हणावयाचें तर चार माणसांच्या तुरीच्या वरणास दीड चमचा मसाला पुरतो. वरण पूर्ण शिजून घोटल्यावरच चिंचेचा कोळ घालावा. आंबट आधीं पडलें तर डाळ आणि तींतील शेंगा दडस राहतात. मग गूळ, मग मसाला. वरून पाणी लागलें तर आधणाचें, गार कधीं नाहीं. मसाला थोड्या मिठाच्या थरावर, कोरड्या काचेच्या बरणींत दाबून भरला तर सहा महिने वास उडत नाहीं.

आतां मेतकुटाचे डबे मोजावयाचे आहेत. सुनेनें ते काढूनहि ठेवले होते, पण हवा अजून दमट आहे, डाळी खमंग भाजल्या जावयाच्या नाहींत, असें सांगून वहिनींनीं ते परत फडताळांत ठेवावयास लाविले.