कादंबरीतली बाई

कादंबरी म्हणजे काय? कादंबरी म्हणजे लांबलचक गोष्ट. ती एका बैठकीत संपत नाही. तिच्यात माणसे असतात, त्यांचे संसार असतात, त्यांचे सुखदुःख असते. ही गोष्ट लेखकाने मनाने रचलेली असते. मग कुणी म्हणेल, "रचलेल्या गोष्टी वाचून काय करायचं ओ? तो रिकाम्या माणसाचा धंदा!"

पण तसे नाही. आपल्या लोहा-कंधार भागात आयाबाया पहाटे जात्यावर बसत. दळता दळता ओव्या म्हणत. माहेरची आठवण, सासरचा जाच, सारे ओवीत येई. जे माणसाला सांगता येत नसे, ते त्या जात्याला सांगत. आता गिरण्या आल्या. जाते कोपऱ्यात गेले. पण बाईच्या मनातले बोल सांगणारी दुसरी एक जागा आहे. ती म्हणजे कादंबरी.

जुनी गोष्ट ऐका. पूर्वी ब्राह्मणांत आणि इतर काही जातींत विधवेला पुन्हा लग्न करता येत नसे. शेतकरी समाजात पाट लावायची रीत होती, पण या घरांत नव्हती. १८५६ साली कायदा झाला. हिंदू विधवेने पुन्हा लग्न केले तर ते कायदेशीर ठरले. पण कायदा राहिला कागदावर. घरात तो शिरलाच नाही.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १८५७ साली, बाबा पदमनजी यांनी 'यमुनापर्यटन' ही कादंबरी लिहिली. विधवांचे हाल तिच्यात सांगितले आहेत. मराठीतल्या अगदी पहिल्या कादंबऱ्यांपैकी ही एक. म्हणजे पाहा, मराठी कादंबरीने सुरुवातच बाईच्या दुःखापासून केली!

मग हरि नारायण आपटे आले. त्यांनी पुण्यात १८९० साली 'करमणूक' नावाचे साप्ताहिक काढले. त्यात त्यांची एक कादंबरी थोडी थोडी छापून येई. तिचे नाव 'पण लक्षात कोण घेतो'. तिच्यात यमू नावाची बाई स्वतःची हकीकत स्वतःच सांगते. तिचा नवरा रघुनाथ तिला लिहायला वाचायला शिकवतो. तिला माणसासारखे वागवतो. तेच त्यांचे प्रेम. पण रघुनाथ मरतो. मग घरचे लोक यमूच्या मनाविरुद्ध तिचे केस काढतात. यमूची सुटका होत नाही. मात्र वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो, "हे आपल्या घरात तर चालत नाही ना?"

आता खऱ्या बाईची हकीकत. काशीबाई कानिटकर यांचा जन्म १८६१ चा. लहानपणीच लग्न झाले. शाळा नाही, पाटी नाही. नवरा शिकलेला होता. सासरी आल्यावर त्या वाचायला शिकल्या. घरच्या बायांना ते रुचत नसे. "बाईनं शिकून काय दिवे लावायचे?" असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. पण काशीबाईंनी नाद सोडला नाही. पुढे त्यांनी स्वतः 'रंगराव' नावाची कादंबरी लिहिली. ती १९०३ साली पुस्तकरूपाने निघाली. जी बाई अक्षर ओळखत नव्हती, ती लेखिका झाली!

त्यानंतर १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हे गोष्टींचे पुस्तक निघाले. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींच्या मनातले त्यात उघड लिहिले होते. लेखिकेचे नाव छापले होते, विभावरी शिरूरकर. लोक संतापले. ही बाई कोण, याचा शोध करू लागले. ते नाव खरे नव्हतेच. त्या होत्या मालतीबाई बेडेकर. १९३४ साली त्यांची 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली. नवऱ्याने टाकलेल्या बाईने पुन्हा प्रेम करावे की नाही, हा तिच्यातला प्रश्न. हिंदू विवाह कायदा त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १९५५ साली झाला. त्याने बाईला काडीमोड मागण्याचा हक्क दिला. म्हणजे कधी कायदा पुढे असतो, तर कधी कादंबरी पुढे असते. पण दोन्ही माणसांच्या मनात उतरावे लागतात.

मन बदलले की काय होते? २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला. नवरा मेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचे नाही. यमूच्या कादंबरीने विचारले होते, लक्षात कोण घेतो? एका गावाने लक्षात घेतले.

सगळ्याच कादंबऱ्या चांगल्या नसतात, बरे का! काहींत पोरीच्या मागे मागे फिरणे यालाच प्रेम म्हणतात. तेव्हा वाचताना एक कसोटी लावा. या गोष्टीत बाईला कुणी विचारतो का? तिच्या 'नाही'ला किंमत आहे का? जिथे मान नाही, तिथे प्रेम कसले?

मोठे पुस्तक पाहून घाबरू नका. रोज चार पाने वाचा. एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. सासू-सुनांनी मिळून वाचावे, पुरुषांनीही ऐकावे. गावात वाचनालय असेल तर तिथे पुस्तक मागा.

विचार करा :
१. यमूचे केस काढले, तेव्हा घरातले कुणी आड आले असते तर काय झाले असते?
२. आपल्या गावात विधवा बाईला हळदीकुंकवाला बोलावतात का? नसतील तर का नाही?
३. तुमची हकीकत तुम्ही लिहिली, तर पहिले वाक्य कोणते लिहाल? ते आज पाटीवर लिहा.