कृतीतून शिक्षण : साहित्य आपल्या गावातलेच

प्राथमिक शाळेचा विषय निघाला की खोल्या किती आणि शिक्षक किती, याची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. परंतु वर्गात बसलेल्या मुलाच्या हातात काय आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. पाठांतराने उत्तर देता येते, पण समज येते ती हाताने करून पाहिल्यावर.

हा विचार आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. लेखन, वाचन व हिशेबाबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञानही शाळेत मिळावे, अशी मागणी त्यांनी केली. पुढे १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि ते कोसबाडच्या आदिवासी भागात नेले. माँटेसरी पद्धतीचे महागडे साहित्य खेड्याला परवडणारे नव्हते. म्हणून खडे, शिंपले, बिया, पाने हेच त्यांचे साहित्य झाले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणावर गेली. तिचे नावच कुरणशाळा पडले.

युसूफ वडगाव आणि केज तालुक्याच्या परिसराला हे दोन्ही धडे लागू पडतात. साहित्य आपल्या शिवारात आहे. आणि दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाणारी मुलेही आपल्याच गावातली आहेत. तीन सोपे उपक्रम येथे देत आहोत.

१. दहाची पेंढी

ज्वारीच्या वाळलेल्या धाटांचे बोटभर लांबीचे शंभर तुकडे करावेत. धाटाची साल धारदार असते, म्हणून कापण्याचे काम मोठ्यांनी करावे. दहा तुकडे दोऱ्याने बांधले की एक पेंढी, म्हणजे एक दशक. बत्तीस म्हणजे तीन पेंढ्या व दोन सुटे. आता यातून पंधरा काढायचे. सुटे दोनच आहेत, पाच कुठून द्यायचे? मूल स्वतःच एक पेंढी सोडते. बारा सुटे झाले. त्यातले पाच गेले, सात उरले. राहिलेल्या दोन पेंढ्यांतली एक गेली, एक उरली. उत्तर सतरा. फळ्यावर 'दशक सुटा करा' असे दहादा सांगून जे कळत नाही, ते पेंढी सोडताना एकदाच कळते.

२. काडीचा त्रिकोण

गुल काढून टाकलेल्या आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी घ्यावी. नळीचे दोन सेंटिमीटरचे तुकडे करून त्यांच्या दोन टोकांत काड्या खोचल्या की कोपरे तयार होतात. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम केलेले अरविंद गुप्ता यांनी हे जोडकाम देशभर पोहोचविले. चार काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबूनही हलत नाही. मग मुलांना पत्र्याच्या शेडची कैची दाखवावी. तिच्यात त्रिकोणच का असतात, हे ती आपण होऊन सांगतील.

३. बाटलीचा पर्जन्यमापक

सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली वरून कापावी आणि कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवावा. बाटलीचा तळ खोलगट असतो, म्हणून थोडी वाळू-सिमेंट ओतून तो सपाट करावा. तेथे शून्य धरून मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. झाड व भिंतीपासून दूर, उघड्यावर ठेवून रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद करावी व पाणी ओतून टाकावे.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. शाळेचे छत वीस चौरस मीटरचे असेल, तर दहा मिलिमीटर पावसात त्यावर दोनशे लिटर पाणी पडते. दुष्काळ पाहिलेल्या बीड जिल्ह्यातल्या मुलाला हे गणित शिकवावे लागत नाही. ते त्याला हवेच असते. धनेगावचे मांजरा धरण कशाने भरते, हा भूगोलही तेथूनच सुरू होतो.

पिशवीतली शाळा

हंगामी वसतिगृहांची योजना आहे, तरी सगळीच मुले मागे राहत नाहीत. जे मूल फडावर जाते, त्याचे चार-पाच महिने तुटतात. परत आल्यावर ते वर्गात मागे बसते, आणि एक दिवस शाळेत येणेच थांबवते. अशा मुलाबरोबर एक कापडी पिशवी द्यावी : धाटांच्या दहा पेंढ्या, काड्या व नळी, मोजपट्टी, अक्षरांची पुठ्ठ्याची कार्डे आणि नोंदवही. फडावर मोळ्या मोजाव्यात, उसाच्या कांड्यांची लांबी मापावी, रोज दोन ओळी लिहाव्यात. शिक्षकाला पिशवी पर्याय नाही, फडावरच्या शाळेलाही नाही. मात्र शिकणे पूर्ण तुटू नये, एवढे ती करू शकते. परतल्यावर शिक्षकांनी ती वही वर्गापुढे वाचून घ्यावी. मागे पडलेले मूल त्या दिवशी सांगणारे होते.

सभासदांनी दिवाळीपूर्वी एका रविवारी एकत्र बसले, तर अशा पिशव्या सहज तयार होतील. मोठ्या वर्गातील विद्यार्थ्यांनी पेंढ्या बांधाव्यात, कार्डे लिहावीत. खर्च दोरा, पुठ्ठा आणि नळीचा; बाकी सर्व शिवारातले. कुरणावर शाळा नेणाऱ्यांचा वारसा सांगताना, फडावर निघालेल्या आपल्या मुलाच्या हाती आपण काय दिले, याचेही उत्तर आपल्याजवळ असावे.