पोरगं कॉलेजात आठवडाभर करतं तरी काय?



लागणीच्या नोंदी घ्यायला आम्ही गटागटांतून हिंडतो, तेव्हा बेण्याच्या आणि पाण्याच्या गोष्टी आटोपल्या की चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, पोराला धुळ्याला कृषी कॉलेजात टाकलं. महिन्याच्या महिन्याला पैसे जातात. पण तो आठवडाभर तिथं करतो तरी काय?" प्रश्न रास्त आहे. उसाला घातलेलं खत पानावर दिसतं, शिक्षणाला घातलेलं लवकर दिसत नाही. म्हणून कॉलेजात जाऊन-येऊन आणि मुलामुलींशी बोलून जे कळले, ते येथे मांडत आहोत.

धुळ्याचे कृषी महाविद्यालय १९६० सालचे. ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कक्षेत येते. हे विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले. आपल्या शेतात उभा असलेला को ८६०३२ हा ऊस याच विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्रावरील चाचण्यांनंतर १९९६ साली महाराष्ट्रासाठी शिफारस झाला आणि फुले २६५ हे वाण २००७ साली आले. म्हणजे मुलगा जिथे शिकतो आणि आपले बेणे जिथून येते, ते घर एकच आहे.

पदवी चार वर्षांची, सत्रे आठ. एका सत्रात सात-आठ विषय सहज असतात. वेळापत्रकात विषयापुढे '२+१' असे लिहिलेले दिसते. त्याचा अर्थ आठवड्याला दोन तास वर्गातले आणि एक प्रात्यक्षिक, ते दोन तासांचे. सगळ्या विषयांची बेरीज केली की सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा दिवस भरतो. सत्रागणिक वेळापत्रक बदलते, परंतु आठवड्याचा साचा साधारण पुढीलप्रमाणे असतो.

सोमवारी वर्गातले तास. मृदाशास्त्र, वनस्पतींचे रोग, कृषी अर्थशास्त्र वगैरे. मराठी शाळेतून आलेल्या मुलांना पहिले सत्र जड जाते, कारण पुस्तके इंग्रजीत. एकमेकांच्या वह्या बघून, रात्री खोलीत शब्दांचे अर्थ लावून ती पुढे सरकतात.

मंगळवारी प्लॉट. पीक उत्पादनाच्या प्रात्यक्षिकात मुलांना जमिनीचा तुकडा नेमून देतात. नांगरटीनंतरची आखणी, पेरणी, विरळणी, खुरपणी, पाणी, काढणी हे सगळे त्यांनी स्वतः करायचे आणि खर्च-उत्पन्नाचा हिशेबही मांडायचा. घरी ज्याने कधी खुरपे धरले नाही, त्याच्या हाताला तिथे फोड येतात. एका मुलीने आम्हाला सांगितले, "घरी मजूर लावतात म्हणून ठाऊक नव्हतं, पण एका वाफ्याची निंदणी करायला किती वेळ लागतो ते आता कळलं." आमच्या मते हा धडा पुस्तकातल्या दहा धड्यांच्या तोलाचा आहे.

बुधवारी प्रयोगशाळा. मातीचा सामू काढणे, क्षारांचे प्रमाण पाहणे. आपल्याकडे पाटपाण्याने चोपण झालेली जमीन किती आहे हे सांगायला नको. अशा जमिनीत नुसता युरिया वाढवून भागत नाही, हे पोरगं स्वतःच्या डोळ्यांनी तिथे पाहतं.

गुरुवारी कीटकशास्त्र. हातात जाळी घेऊन मुले बांधाबांधाने फिरतात. पकडलेली कीड टाचणीला लावून पेटीत मांडायची, खाली नाव आणि तारीख लिहायची. सुटीत घरी आलेला मुलगा उसातला पोंगा उपटून खोडकिडीची अळी शोधत बसला, तर त्याला वेडा म्हणू नका. त्याचा तो अभ्यास आहे.

शुक्रवारी तास संपले की ग्रंथालय. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे पुष्कळ. शनिवारी राष्ट्रीय सेवा योजनेचे श्रमदान, वृक्षारोपण किंवा खेळ. ही योजना देशात १९६९ साली, गांधी शताब्दीच्या वर्षी सुरू झाली. रविवारी कपडे धुणे, प्रात्यक्षिकाची वही पूर्ण करणे आणि घरी फोन.

मित्रमंडळींबद्दलही दोन शब्द. वसतिगृहाच्या एका खोलीत शिरपूरचा, कोकणातला आणि मराठवाड्यातला असे तिघे राहतात. कोकणातला वर्षभरात अहिराणी समजू लागतो आणि शेवभाजीच्या रश्शाने डोळ्यांत पाणी आलं तरी ताट सोडत नाही. हिवाळ्यात भरिताचा बेत ठरला की वांगी कोणाच्या गावाहून आणायची यावर वाद. या मैत्रीला आम्ही कमी लेखत नाही. पुढे कोणी बियाणे कंपनीत जातो, कोणी बँकेत, कोणी कृषी खात्यात. आणि अडचणीच्या वेळी हेच दोस्त एका फोनवर उपयोगी पडतात.

शेवटच्या वर्षी हीच मुले गावात राहायला येतात. त्यांना कृषीदूत आणि कृषीकन्या म्हणतात. माती नमुना कसा घ्यावा, बेणेप्रक्रिया कशी करावी, याची प्रात्यक्षिके ती दाखवतात. उसाच्या टिपऱ्या लावण्यापूर्वी १०० लिटर पाण्यात १० किलो ॲसिटोबॅक्टर व सव्वा किलो स्फुरद विरघळविणारे जिवाणू मिसळून त्यात अर्धा तास बुडवाव्यात, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगतो. तेच एखाद्या कृषीकन्येने बांधावर करून दाखवले की लोकांना पटते! तेव्हा "कालची पोरं आम्हाला काय शिकवणार" असे म्हणून त्यांना वाटेला लावू नये.

सगळीच मुले शेतीकडे जात नाहीत. जळगावचे विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी सुरू झाले. त्याआधी खानदेशातली कॉलेजे पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. २०१८ पासून त्याला आसोद्याच्या लेकीचे, बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. ज्या माउलीला अक्षरओळख नव्हती, तिच्या नावाची पदवी आज आपल्या मुली घेतात. तिथल्या मुलांच्या आठवड्यात प्लॉट नसतो. पण तास, प्रयोगशाळा, कमवा व शिका योजनेचे काम आणि 'युवारंग' महोत्सवाच्या तालमी असतातच.

आता मुद्द्याची गोष्ट. तोड आली, टोळी दारात उभी राहिली किंवा रात्रीची लाईट आली, की आपण मुलाला फोन करतो, "चार दिवस ये." चाराचे दहा होतात. नेमके याच महिन्यांत सत्राची परीक्षा जवळ आलेली असते. हजेरी ठरल्यापेक्षा खाली गेली की परीक्षेला बसता येत नाही. आमच्या एका गटातील सभासदाच्या मुलाचे असेच झाले. गाड्या भरल्या गेल्या, पण तो विषय त्याला मागाहून पुन्हा करावा लागला आणि बरोबरीचे पुढे निघून गेले. तोडीची तारीख मागेपुढे करता येते का, ते गटाच्या चिटबॉयला आधी विचारा. परीक्षेची तारीख मागेपुढे होत नाही.

दुसरी गोष्ट मुलींची. बारावी झाली की "आता बस झालं" म्हणण्याआधी हे ध्यानात घ्या : २०२४-२५ पासून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी मुलींना कृषीसह व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क राज्य शासनाने पूर्ण माफ केले आहे. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही आहे. कृषी पदवीला जायचे तर बारावी विज्ञान आणि सीईटी आवश्यक. म्हणजे दहावीनंतरच विचार करावा लागतो.

सभासदहो, खोडव्याकडे आपण दुर्लक्ष केले तर तो पहिल्या वर्षासारखा येत नाही. पोरांचेही तसेच. पैसे पाठवलेत म्हणून काम संपत नाही. या रविवारी फोनवर "पैसे पुरले का" एवढेच न विचारता, "प्लॉटला काय लावलंय, कीड कोणती सापडली" हेही विचारा. उत्तर लांबलचक आलं, तर समजा पैसे योग्य ठिकाणी जात आहेत.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग