रुमाना हुसेन यांची मडकी

मुंबईतल्या एका प्रदर्शनात रुमाना हुसेन (१९५२–१९९९) यांची कामं पाहायला आम्ही आठवीच्या मुलींना घेऊन गेलो. तैलचित्रं काढणाऱ्या या बाईंनी १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडल्यानंतर फुटकी मडकी, आरसे, गेरू, नीळ हाती घेतली.

"टीचर, अशी मडकी आमच्या घरीही फुटतात," एक मुलगी हसली. (खरं तर आम्हालाही तेच वाटलं होतं.) दुसरी वाकून म्हणाली, "हा घुमट आहे." पालथं अर्धं मडकं तसंच दिसत होतं, आरशात तुकड्यांसोबत आमचे चेहरे.

आम्हाला जानेवारी १९९३ आठवला. दंगलीत अम्मीनं दारावरची नावाची पाटी काढून पिठाच्या डब्यात लपवली होती.

"मग परत कधी लावली?"

त्या दाराला नाही. मुंब्र्यातल्या नव्या घराला लावली.