अकरा ते चौदा : या वयात शाळा बदलावी का?

 

मागच्या आठवड्यात कॉलनीतले एक गृहस्थ भेटायला आले. त्यांची मुलगी सातवीत आहे. पहिलीपासून एकाच शाळेत शिकते आणि ती शाळा आठवीपर्यंतच आहे. त्यांना तिला यंदाच काढून एका मोठ्या शाळेत घालायचं होतं, कारण तिथे आठवीपासून आयआयटीचा फाउंडेशन कोर्स आहे. म्हणाले, "काका, आठवीपर्यंत थांबलो तर एक वर्ष वाया जाईल ना?"

मी म्हणालो, "वाया जाणार नाही. तेच वर्ष तिच्या कामाचं आहे." का ते आज सांगतो.

आधी शब्दांचा एक घोळ दूर करू, कारण आपले श्रोते अनेक राज्यांत आहेत. आमच्या मध्य प्रदेशात 'माध्यमिक शाला' म्हणजे सहावी ते आठवी. महाराष्ट्रात 'माध्यमिक' म्हटलं की आठवीच्या पुढचं हायस्कूल. तिथली जुनी रचना पहिली ते चौथी, मग पाचवी ते सातवी, मग हायस्कूल अशी. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यात पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक धरली आहे. म्हणजे कायद्यानेही मूल चौदाव्या वर्षापर्यंत लहानांच्या शाळेतलंच मानलंय.

आता या वयात काय घडतं ते बघा. आवाज फुटतो, उंची वाढते, मुलींची पाळी सुरू होते. मेंदूतही बदल चालू असतात. राग, लाज, उत्साह या भावना जोर धरतात. पण त्यांना लगाम घालणारा कपाळामागचा भाग पुरता तयार व्हायला वयाची विशी उलटते. घोडा जोरात आणि लगाम कच्चा, अशी ही अवस्था. आतलं सगळं हलत असताना बाहेरचं तरी स्थिर असावं, हा साधा हिशेब आहे.

याचा अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात 1970 च्या दशकात रॉबर्टा सिमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन प्रकारच्या शाळांतली मुलं तपासली. काही मुलं आठवीपर्यंत एकाच शाळेत राहिली, काहींना सातवीलाच मोठ्या शाळेत जावं लागलं. सातवीला शाळा बदललेल्या मुलींचा स्वतःवरचा विश्वास घसरलेला दिसला. जुन्या शाळेत राहिलेल्या मुलींचं तसं झालं नाही. वय एकच, इयत्ता एकच, फरक शाळा बदलण्याचा.

याचं एक कारण मला माझ्या अनुभवातून पटतं. मी सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो. सातवीत आम्ही शाळेतले सगळ्यांत मोठे. घंटा द्यायचं काम माझ्याकडे होतं. पहिलीची पोरं रांगेत उभी करणं, पंधरा ऑगस्टला पटांगण आखणं, सगळं आमच्याच अंगावर. गुरुजी चुकलं की ओरडायचे, पण काम काढून घ्यायचे नाहीत. माणसं सांभाळण्याचा पहिला धडा मी तिथे शिकलो. लष्करात सेक्शन म्हणजे साधारण दहा जवान. ती जबाबदारीही ओळखीच्या माणसांतच आधी पेलायला मिळते, मग पुढची. तेच पोर मोठ्या हायस्कूलमध्ये गेलं की पुन्हा सगळ्यांत लहान. तिथे घंटा दहावीवाले देतात.

दुसरं कारण शिक्षक. तीन-चार वर्षं मुलाला ओळखणाऱ्या बाईंना तो गप्प झाला की लगेच कळतं. नव्या शाळेत वाटतं, मूल शांत स्वभावाचं आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझा मुलगा सातवीत असताना माझी बदली झाली. सहा महिन्यांत पुन्हा हलावं लागलं. एका वर्षात दोन शाळा. सौभाग्यवती म्हणाली होती, "वर्षभर मी मुलाला घेऊन इथेच राहते." मी ऐकलं नाही. वर्षाच्या शेवटी मार्क चांगले आले, मी निश्चिंत झालो. पण वर्गात सतत हात वर करणारा मुलगा तेव्हापासून बोलायचा थांबला. वीस वर्षांनी एकदा सहज म्हणाला, "बाबा, त्या वर्षी मी मधल्या सुट्टीत एकटाच डबा खायचो." प्रगतिपुस्तकात हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आता तुम्ही विचाराल, मग सैनिक स्कूलचं काय? साताऱ्याचं सैनिक स्कूल 23 जून 1961 रोजी सुरू झालं, देशातलं पहिलं. आमच्या मध्य प्रदेशात रीवाचं 1962 मधलं. या शाळांना दोन दरवाजे आहेत, सहावी आणि नववी. 2021-22 पासून मुलींनाही प्रवेश आहे. मुलाची तयारी असेल तर सहावीत पाठवा, म्हणजे हा सगळा काळ तो एकाच ठिकाणी काढेल. सहावीला जमलं नाही तर आठवीपर्यंत आहे त्या शाळेत राहू द्या आणि नववीची परीक्षा द्या. तयारी घरी राहूनही होते. त्यासाठी मधेच दुसऱ्या शाळेत नाव घालायची गरज नाही.

शाळा बदलूच नये असं मी म्हणत नाही. मुलाला त्रास दिला जातोय आणि शाळा ऐकत नाही, शिकवणंच होत नाही, गावात पुढचा वर्ग नाही, किंवा बदली टळत नाही, तर बदलावीच लागते. मग एवढं करा. वर्षाच्या मधे बदलू नका. जुन्या मित्रांशी संबंध तुटू देऊ नका. पहिले तीन महिने "किती मार्क मिळाले" याच्या आधी "डबा कोणाबरोबर खाल्लास" हे विचारा.

त्या गृहस्थांना मी शेवटी एकच सांगितलं, मुलीला विचारा. त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी वाचनालयाची चावी माझ्याकडे येणार आहे." त्यांनी अजून काही ठरवलेलं नाही. पण फाउंडेशन कोर्सचा फॉर्म भरायचा राहिला आहे, आणि तो राहिला तरी काही बिघडत नाही, असं माझं मत.

तुमच्या घरात अकरा ते चौदा वयाचं मूल असेल, तर आज रात्री जेवताना त्याला विचारून बघा, शाळेत तुझ्याकडे कोणतं काम आहे? उत्तर सांगताना त्याचा चेहरा खुलला, तर ती शाळा घाईनं सोडू नका.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.